प्रतिकारशक्ती वाढवणारा डंख? अहो, तीच तर मारते!

करी रोड, लालबाग, परळच्या मंडळींनो, पोस्ट जरा मोठी आहे. पण पूर्ण वाचा आणि घरात गुडघे धरून बसलेल्या आई-बाबांना वाचून दाखवा.

"मधमाशीचा डंख घ्या, प्रतिकारशक्ती वाढवा" असे मेसेज सध्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतायत. सांधेदुखी, लकवा, कॅन्सर, सगळ्यावर एकच इलाज. चिमट्यात जिवंत माशी धरायची आणि दुखऱ्या जागेवर टेकवायची. वर "नैसर्गिक आहे, साईड इफेक्ट नाही." नागाचं विषही नैसर्गिकच आहे की!

कोरोनापासून आपण प्रतिकारशक्तीला मोबाईलची बॅटरी समजायला लागलोय. जितकी चार्ज, तितकी चांगली. काढा पिऊन बहुतेकांचं फार तर पोट बिघडत होतं. इथे माणूस जातो, म्हणून बोलायला लागतंय.

डंख बसल्यावर आत काय होतं ते बघा. या विषाचा सुक्या वजनाने जवळजवळ निम्मा भाग म्हणजे मेलिटिन. ते पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं. तांबडी पेशी असो, पांढरी असो, कातडीची असो, त्याला फरक पडत नाही. जोडीला फॉस्फोलायपेज नावाचं एन्झाइम त्या आवरणातली चरबी तोडतं. हे झालं विषाचं स्वतःचं काम. आग होते, सूज येते, बहुतेकांचं दोन दिवसांत उतरतं.

खरा घोळ पुढे आहे. आपल्या कातडीत, घशात, श्वासनळीत मास्ट पेशी असतात. हिस्टामिनच्या पुड्या पोटात भरून बसलेले हे आपलेच पहारेकरी. काही लोकांचं शरीर एखाद्या डंखानंतर त्या विषाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवतं आणि ती या पहारेकऱ्यांच्या अंगावर चिकटून राहतात. बाहेरून काहीच कळत नाही. मग पुढच्या एखाद्या डंखाला विष त्या प्रतिपिंडांना भिडतं आणि अंगभरच्या मास्ट पेशी एकदम पुड्या फोडतात. चाळीत एकाने "चोर!" म्हणून ओरडावं आणि सगळ्या मजल्यांवरून हातात येईल ते खाली फेकलं जावं, तसं. चोर एक, डोकी फुटणार पन्नास. अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, श्वासनळ्या आवळतात, रक्तवाहिन्या सैल पडून त्यातलं पाणी बाहेर झिरपतं आणि ब्लडप्रेशर कोसळतं. याला म्हणतात ॲनाफिलॅक्सिस.

या शब्दाचा जन्मच या मेसेजवाल्यांना उत्तर आहे. १९०२ मध्ये शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी कुत्र्यांना समुद्रफुलाचं विष थोडंथोडं टोचून पाहिलं. थोड्या विषाने कुत्रा कणखर होईल, ही समजूत. काही आठवड्यांनी पुन्हा डोस दिला, तर कुत्रा अर्ध्या तासाच्या आत मेला. रक्षणाच्या उलट म्हणून रिशेने 'ॲनाफिलॅक्सिस' हा शब्द काढला. १९१३ चं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं. म्हणजे "थोडं विष घ्या, ताकद वाढेल" हा प्रयोग शंभर वर्षांपूर्वीच होऊन फसलाय. हे आता तोच प्रयोग आपल्या आईच्या गुडघ्यावर करतायत.

"आमच्या ओळखीतले वर्षभर घेतायत, काही झालं नाही." हेही ऐकलंय. माद्रिदच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये एक केस नोंदवलीय. ५५ वर्षांची बाई, दोन वर्षं दर चार आठवड्यांनी डंख घेत होती. त्रास शून्य. एके दिवशी डंखानंतर दम लागला आणि ती कोसळली. तिथल्या लोकांनी स्टेरॉइड दिलं, ॲड्रेनालिन त्यांच्याकडे नव्हतंच. ॲम्ब्युलन्स यायला अर्धा तास गेला. काही आठवड्यांनी ती हॉस्पिटलात वारली. आधीचे डंख सोसले ही पुढच्याची गॅरंटी नाही.

बरं, फायदा तरी? नेदरलँड्समध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसच्या २६ रुग्णांवर २४ आठवडे रीतसर तपासलं. रोग हटला नाही, थकवा हटला नाही.

आता शहाणे म्हणतील, "पण ॲलर्जीवाले डॉक्टरही मधमाशीचं विषच टोचतात." टोचतात, बरोबर. ज्याला डंखाची गंभीर ॲलर्जी सिद्ध झालीय त्यालाच. तेही शुद्ध केलेलं विष, मायक्रोग्रॅममध्ये मोजून, शेजारी ॲड्रेनालिन भरून ठेवून, तीन ते पाच वर्षं. आणि त्याने प्रतिकारशक्ती वाढत नाही, ती शांत होते! टी पेशींमधल्या आवर घालणाऱ्या पेशी पुढे येतात, आयजीईच्या आड येणारी वेगळी प्रतिपिंडं तयार होतात, पहारेकरी उठसूट पुड्या फोडणं थांबवतात. नेमकं उलटं काम.

सगळ्यात संताप येतो तो कॅन्सरच्या नावाने विकतात तेव्हा. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थच्या प्रयोगशाळेत मेलिटिनने स्तनाच्या कॅन्सरच्या काही पेशी मारल्या, ही बातमी खरी आहे. पण हे मुख्यतः काचेच्या बशीत आणि उंदरांत. बशीतली पेशी तर फिनाईलनेही मरते. टाटाच्या बाहेर फूटपाथवर गावाकडून आलेली माणसं दिवस काढतात, ते आपण रोज बघतो. केमोने ज्यांच्या पांढऱ्या पेशी आधीच खाली आल्यात त्यांना पेशीफोड्या विषाचे डंख विकायचे? कॅन्सर, लकवा, संधिवात बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या औषधी व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. मेसेजचा स्क्रीनशॉट घ्या आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार टाका.

मला एकाने विचारलं, "हाफकिन आपल्या परळातच, तिथे सापाची-विंचवाची लस बनते, मग माशीची का नाही?" प्रश्न चांगला आहे. सापाच्या विषावरचं औषध घोड्याच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं असतात, ती विषाला बांधतात. ॲनाफिलॅक्सिसमध्ये विष नावापुरतं, घात आपल्याच पेशी करतात. तिथे बांधायचं कोणाला? म्हणून औषध एकच, ॲड्रेनालिन. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. गरज पडली तर पाच मिनिटांनी पुन्हा. स्वस्तातली काचेची कुपी असते.

आणि दवाखान्यांत काय होतं? आधी एव्हिल, मग डेक्सा, मग "जरा बसा, बघू". एव्हिलने खाज थांबते, कोसळलेलं प्रेशर वर येत नाही. जखम मांडीला, मलम शेंडीला म्हणतात ते हेच. (इथे तर औषध खरोखरच मांडीत द्यायचंय!) ब्रिटनमध्ये अशा मृत्यूंचा अभ्यास झाला, तर डंखापासून हृदय थांबेपर्यंत साधारण १५ मिनिटं निघाली. प्रभादेवीचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाल्यापासून करी रोडच्या पुलावर संध्याकाळी काय अवस्था असते ते मी सांगायला नको. केईएम हाकेच्या अंतरावर, पण टॅक्सी जागची हलेल तर ना!

हे फक्त थेरपीवाल्यांपुरतं नाही, बरं का. गिरण्या गेल्या, टॉवर आले, आणि टॉवरच्या कठड्यांना आग्या मोहोळंही लागतात. कोणीतरी शूरवीर फवारा घेऊन जातो आणि खाली शाळेतून येणाऱ्या पोरांना डंख बसतात. नांगी अंगात राहिली की विष सोडतच राहते, तेव्हा नखाने, कार्डाने, कशानेही, पण लगेच काढा. श्वास अडकला किंवा चक्कर आली तर आडवं झोपवून पाय वर करा. उठवून चालवत नेऊ नका. दम फारच लागत असेल तर टेकवून बसवा.

उद्या आपापल्या फॅमिली डॉक्टरकडे, जवळच्या 'आपला दवाखान्या'त जा आणि तीन गोष्टी विचारा. ॲड्रेनालिन आहे का? एक्सपायरी कधीची? डॉक्टर जेवायला गेले असतील तर ते द्यायचं कोणी? मिळालेली उत्तरं दवाखान्याच्या नावाऐवजी नुसती गल्ली लिहून खाली टाका. यादी झाली की ती घेऊन वॉर्ड ऑफिसला जाऊ. कोण कोण येतंय तेही लिहा.