घरच्या घरी : विजेच्या सायकलीचा स्टँड

सायकल उलटी करून सीट-हँडलवर उभी केली की पंक्चर काढता येते, हे आपल्याकडे पोराठोरांनाही ठाऊक. विजेच्या सायकलीला मात्र ही युक्ती लावू नये. हँडलवरचा डिस्प्ले नि ब्रेकच्या मुठी फरशीवर रगडल्या जातात. शिवाय वजन! ही बया सहज २० ते २५ किलो भरते.

तेव्हा दुरुस्तीचा स्टँड घेताना आधी किंमत नव्हे, भार विचारावा. घरातल्या दणकट माणसाने प्रथम एकट्याने काट्यावर उभे राहावे, मग सायकल उचलून. वजाबाकी केली की झाले. उचलतानाच धाप लागली, तर छातीइतक्या उंचीचा चिमट्याचा स्टँड आपल्यासाठी नव्हे, असे खुशाल समजावे.

तो घेतलाच, तर बॅटरी काढूनच सायकल चढवावी. दोन-तीन किलो कमी होतात आणि मोटर अवचित फिरून बोट सापडण्याची धास्ती उरत नाही. चिमटा सीटखालच्या दांड्यालाच लावावा. ॲल्युमिनियमची पातळ नळी चेपते. मोटर मागच्या चाकात असेल तर तोल मागे जातो, म्हणून स्टँडचे पाय ऐसपैस पसरणारे हवेत.

खरे म्हणजे चेनला तेल नि गिअरची जुळणी एवढ्यासाठी मागचे चाक चार बोटे उचलणारा बुटका स्टँड पुरतो; गॅलरीत कपड्यांच्या दोरीखालीही मावतो. मात्र मागच्या मोटरची वायर बहुधा आसाशीच बाहेर येते. तिथे स्टँडचा आकडा दाबत नाही ना, आणि पंक्चरसाठी चाक काढता येईल ना, हे दुकानातच सायकल लावून पाहावे.