कोवळे खांदे

मुले मोठी झाल्यावर ख्रिस्तसभेची सेवा करतील, असे आपण सहज म्हणतो. संत दोमिनिक साव्हियो मोठा झालाच नाही. ९ मार्च १८५७ रोजी, पंधरावे वर्ष पुरे होण्याआधीच, तो प्रभुघरी गेला. परंतु १८५६ साली त्याने तुरीन येथे, संत डॉन बॉस्को यांच्या विद्यार्थिगृहात, सोबत्यांसह ‘निष्कलंक मातेचा संघ’ स्थापिला होता. संघातील मुले हूड व एकाकी सोबत्यांचा सांभाळ करीत. १८५९ साली सालेशियन संस्था उभी राहिली, तिचे कित्येक आद्य सभासद याच संघातले.

मातापित्यांनो, दृढीकरणानंतर मुले मंदिरापासून दुरावतात, ती बहुधा हाती काम नसल्यामुळे. येत्या रविवारी शेजारचे एखादे लहान मूल धर्मशिक्षणास नेण्याचे काम त्यांच्यावर सोपवा.