मारवेलची ठोंबे आधी राखावीत

मारवेल हे महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या पूर्ण परिचयाचे गवत होय. काडीच्या पेरावरील पांढऱ्या केसांच्या कड्यावरून ते सहज ओळखता येते. बांधावर व गायरानात ते आपोआप वाढते आणि जनावरे ते आवडीने खातात. तथापि सर्व मारवेल एकसारखेच असते, ही समजूत बरोबर नाही.

एका बांधावरील ठोंब उभट वाढते, तर दुसऱ्यावरील जमिनीलगत पसरते. हा फरक जमिनीमुळे व चराईमुळे पडला की तो वाणाच्या मूळ गुणाचा आहे, हे नुसत्या डोळ्यांनी ठरविणे कठीण असते. अशा वेळी डीएनए खुणांची परीक्षा उपयोगी पडते. कोवळ्या पानातून डीएनए वेगळा काढून त्याचे ठराविक तुकडे अनेक पटींनी वाढवितात व विजेच्या प्रवाहाने जेलमधून पुढे सरकवितात. लहान तुकडे लांब जातात, मोठे मागे राहतात आणि त्यांचे पट्टे उमटतात. दोन ठोंबांचे पट्टे ताडून पाहिले म्हणजे त्यांतील जवळीक वा अंतर कळते. पाऊस, खत किंवा चराई यांमुळे ही ठेवण बदलत नाही. १९६२ साली झाशी येथे स्थापन झालेल्या भारतीय चराऊ कुरण व चारा संशोधन संस्थेत मारवेलच्या नमुन्यांची अशी तपासणी झालेली आहे.

मारवेलच्या बाबतीत या कामास विशेष महत्त्व आहे. त्याच्या बहुतेक प्रकारांत बियांतील गर्भ नर-मादी संयोगाविना तयार होतो. त्यामुळे रोपे मातेसारखीच निपजतात. चांगला गुण त्यामुळे टिकतो हे खरे. परंतु एखादा प्रकार समूळ गेला, तर दुसऱ्यापासून तो पुन्हा निर्माण होण्याची आशा फार थोडी.

सुधारित वाण उपलब्ध असता रानटी ठोंबे जतन करण्याचा खटाटोप कशाला, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. सुधारित वाणाचे मूळही अशाच ठोंबांत असते, हे त्याचे उत्तर होय. सुधारित वाण अवश्य लावावा. मात्र त्यासाठी संपूर्ण गायरान नांगरून एकाच वाणाखाली आणणे हितावह नाही.

पट्ट्यांवरून चाऱ्याचे उत्पन्न किंवा जनावरांची आवड समजत नाही. ती पारख शेतकऱ्याचीच. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी जाणत्या गुराख्यांना बरोबर घेऊन निरनिराळ्या ठिकाणची ठोंबे निवडावीत, ग्रामपंचायतीच्या संमतीने गायरानाच्या एका कोपऱ्यात ती वेगवेगळ्या ओळींत लावावीत आणि प्रत्येक ओळीस गाव, गट क्रमांक, जमिनीचा प्रकार व तारीख यांची नोंद ठेवावी. त्यानंतर कृषी विद्यापीठास कळवावे.

परीक्षा मागाहूनही करता येईल. नांगराखाली गेलेले ठोंब मात्र कोणत्याही प्रयोगशाळेस परत आणता येणार नाही.