गोळी बदला, पण सांगून आणि मोजून

थायरॉइडच्या गोळीबद्दल आपल्याकडे दोन मतं सारख्याच ठामपणे मांडली जातात. ‘ब्रँड बदलला की शरीर बिघडतं, मरेपर्यंत एकच डबी धरून राहा’ हे एक. हे बहुतेकदा नात्यातल्या एखाद्या अनुभवी काकूंकडून येतं. ‘कंपनी वेगळी, औषध तेच, बिनधास्त घ्या’ हे दुसरं, आणि ते औषधांच्या दुकानाच्या काउंटरवरून येतं. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ ठिकाणी झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ५,३७६ प्रौढांपैकी सुमारे ११ टक्क्यांना हायपोथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉइड हार्मोनची कमतरता, आढळला होता. इतक्या लोकांनी रोज सकाळी घ्यायच्या गोळीचा प्रश्न काकू आणि काउंटर यांच्यावर सोडून चालणार नाही.

आधी काउंटरवाल्यांचं बघू. थायरोनॉर्म घ्या, एल्ट्रॉक्सिन घ्या नाहीतर थायरॉक्स, आत लेव्होथायरॉक्सिनच असतं, हे खरं. पण किती? ५० मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा वीस हजारावा भाग. बाकीची गोळी पूरक द्रव्यांची, आणि ती प्रत्येक कंपनीची वेगळी. एवढ्याशा मात्रेत थोडी घटबढही शरीराला कळते. म्हणून तर बाजारात ७५ आणि १०० यांच्या मध्ये ८८ ची गोळी मिळते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००७ मध्ये या औषधासाठी नियम कडक केला: मुदत संपेपर्यंत गोळीतलं औषध लिहिलेल्या मात्रेच्या ९५ ते १०५ टक्क्यांतच असलं पाहिजे. कुठलीही गोळी कुठल्याही गोळीसारखीच असती तर हा खटाटोप कुणी केला असता? शिवाय हे औषध उष्णता, उजेड आणि ओल यांना भित्रं आहे. कोकणातल्या जुलैत गॅसच्या ओट्यावर उघडी राहिलेली डबी ब्रँड न बदलताही ‘बदलते’.

म्हणजे काकूंचं बरोबर? तेही नाही.

अमेरिकेत २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जेनेरिक लेव्होथायरॉक्सिन घेणाऱ्या पंधरा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. एकाच कंपनीची गोळी घेत राहिलेल्यांपैकी ८२.७ टक्क्यांचा टीएसएच, म्हणजे मात्रा बरोबर आहे का हे सांगणारा रक्तातला आकडा, मर्यादेत होता. मधेच कंपनी बदललेल्यांपैकी ८४.५ टक्क्यांचा. बदलाने सर्रास बिघाड होत असता तर हे आकडे असे दिसले नसते. ‘नवी गोळी सुरू केली आणि तिसऱ्या दिवशी छातीत धडधड’ ही तक्रारही तपासून घ्यावी लागते. गोळीतल्या हार्मोनचं अर्धं प्रमाण शरीरातून जायला साधारण सात दिवस लागतात. मात्रेतल्या पाच-दहा टक्क्यांच्या फरकाचा परिणाम पूर्णपणे दिसायला सहा आठवडे जातात. लॅक्टोजसारखं पूरक द्रव्य न सोसणाऱ्याला लगेच त्रास होऊ शकतो, पण ती वेगळी गोष्ट; तिथे मात्रा बदलून उपयोग नाही, त्या द्रव्याविना बनवलेली गोळी शोधावी लागते.

ब्रँडभक्तांचा सर्वांत जोरकस दाखला फ्रान्सचा, आणि तो नीट वाचायला हवा. मार्च २०१७ मध्ये मर्क कंपनीने तिथल्या ‘लेव्होथायरॉक्स’ या गोळीतलं लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक ॲसिड घातलं. हेतू चांगला होता, गोळी अधिक टिकावी हा. थकवा, केस गळणं, चक्कर, डोकेदुखी अशा हजारो तक्रारी आल्या. जुन्या गोळीच्या मागणीसाठी लाखोंनी सह्या केल्या आणि सरकारला ती जुनी गोळी परत आणवावी लागली. दोन्ही गोळ्या समतुल्य असल्याचा कंपनीचा पुरावा होता २०४ निरोगी माणसांवरच्या चाचणीचा. सरासरीने ती चाचणी उत्तीर्णच होती. पण २०१९ मध्ये काही संशोधकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि दाखवून दिलं की माणूस-माणूस धरून पाहिलं तर अर्ध्याहून अधिक जण समतुल्यतेच्या मर्यादेबाहेर पडतात. सरासरी हा रुग्ण नव्हे, हे मान्य. तरीही दुसरी बाजू उरतेच: तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांचा टीएसएच मर्यादेतच होता.

मग दोष कुणाचा? ल्यों इथल्या अपील न्यायालयाने जून २०२० मध्ये तीन हजारांहून अधिक रुग्णांना प्रत्येकी १,००० युरो भरपाई दिली, ती नवी गोळी विषारी होती म्हणून नव्हे. घटक बदलले हे वेष्टनावर स्पष्ट सांगितलं नाही, म्हणून. माझं म्हणणं याच निकालापाशी येऊन थांबतं. बदल हा गुन्हा नाही. रुग्णाला अंधारात ठेवून केलेला आणि नंतर न मोजलेला बदल हा गुन्हा आहे.

एका तिसऱ्या मताला फार जागा देण्याची गरज नाही: ही गोळी ‘केमिकल’, त्यापेक्षा कांचनार गुग्गुळ बरा. ज्याची ग्रंथी काढून टाकली आहे किंवा आतून नष्ट झाली आहे, त्याला हार्मोन बाहेरूनच द्यावं लागतं. तिथे चूर्ण-गुटिकांचा पर्यायच नाही. अशा बदलाने जीव धोक्यात येतो.

गंमत अशी की टीएसएच वरखाली झाला की संशय डबीवर जातो, चहावर जात नाही. गोळीपाठोपाठ दुधाचा चहा, न्याहारीबरोबर कॅल्शियम, दुपारी आठवण झाली म्हणून लोहाच्या गोळीसोबतच घेतलेली सकाळची गोळी, यांनी शोषण घटतं. कॅल्शियम-लोह आणि ही गोळी यांत चार तासांचं अंतर हवं. आणि केस गळतात म्हणून परस्पर सुरू केलेलं बायोटिन काही प्रयोगशाळांच्या चाचणीत टीएसएच खोटाच कमी दाखवतं. म्हणजे औषध बरोबर, आकडा चूक, आणि त्या आकड्यावरून मात्रा कमी!

किमतीचा मुद्दा मला मान्य आहे. हे औषध आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, जनऔषधी केंद्रात ते स्वस्त मिळतं, आणि जन्मभर घ्यायच्या गोळीत वाचलेले पैसे लहान नसतात. स्वस्त गोळीवर जायचं तर खुशाल जा. पण डॉक्टरांना सांगून जा, जुन्या डबीवरचं नाव आणि मात्रा लिहून ठेवा, सहा ते आठ आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत टीएसएच करा, आणि मग त्या गोळीवर टिका. दर महिन्याला जे मिळेल ते घेऊ नका. गर्भवती, हृदयरोगी आणि थायरॉइडच्या कर्करोगातून उठलेले यांनी तर कारणाशिवाय बदलूच नये. आणि काउंटरवर वेगळी डबी पुढे आली, तर ती पिशवीत टाकण्याआधी नाव वाचा आणि विचारा.