लोणारचे पाणी खारटच राहू द्या

सोलापूरकराला समुद्र पाहायचा तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये एक रात्र काढावी लागते. तेव्हा भर समुद्रातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाणूंशी आपला काय संबंध, असे कोणी विचारले तर राग मानू नये. पण संबंध आहे.

मिथेनॉल म्हटले की विषारी दारू आठवते. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत तिने शंभरावर बळी घेतले. आपल्या शरीरात मिथेनॉलचे फॉर्मिक आम्ल होते; ते लवकर निचरत नाही आणि आधी दृष्टी जाते, मग जीव. गंमत अशी, की हेच मिथेनॉल झाडांच्या कोवळ्या, वाढत्या पानांतून सतत हवेत जात असते. त्यातले काही समुद्रात उतरते आणि तिथल्या सूक्ष्म वनस्पतीही ते तयार करतात. मग ते साचत का नाही? वरच्या थरातले जीवाणू ते फस्त करतात! आपण ज्या फॉर्मिक आम्लाशी अडतो, त्याचा ते सहज कार्बन डायऑक्साइड करून टाकतात. अटलांटिकच्या पाण्यावरील अभ्यासांतून २०११ मध्ये दिसले, की किनाऱ्यापासून दूर, जिथे अन्नाची टंचाई, तिथे बहुतेक मिथेनॉल ऊर्जेसाठी जाळले जाते. अंगाला लागते ते थोडेच. म्हणजे मिथेनॉल हे त्यांचे चुलीतले सरपण.

मिथायलोफागा हे अशाच समुद्री जीवाणूंचे एक कूळ. त्यातला एक जीव मात्र समुद्रापासून कितीतरी दूर, बुलडाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या गाळात सापडला. पुण्याचे डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या देशी-परदेशी सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये त्याचे मिथायलोफागा लोनारेन्सिस असे बारसे केले. उल्केच्या आघाताने झालेल्या त्या खळग्यातले पाणी खारट आणि धुण्याच्या सोड्यासारखे अल्कधर्मी. तेच त्याला मानवते.

२०२० मध्ये ते पाणी गुलाबी झाले, तेव्हा घरोघरी फोटो फिरले. त्याच वर्षी सरोवराला रामसर दर्जाही मिळाला. पण लोणारची चर्चा अजून मंदिरे, रंग आणि पर्यटक यांपुढे फारशी जात नाही. माझ्या मते तिथली खरी ठेव तो खारटपणा आहे. सांडपाणी आणि गोडे पाणी आत येत राहिले, तर मंदिरे उभी असतानाही सरोवर गेलेले असेल.

उजनी किती टक्के भरले, हे आपण पावसाळ्यात रोज पेपरात पाहतो. लोणारचे पाणी किती खारट उरले, तो आकडाही त्याशेजारी छापायला काय हरकत आहे?