अकरावीला गणित सोडलं, की आर्किटेक्टचा दरवाजा बंद! 'लातूर पॅटर्न'च्या गर्दीत मागे पडलेली एक वाट

दहावीचा निकाल लागला की लातूर-धाराशिव भागात घरोघरी एकच प्रश्न असतो, 'नीट की जेईई?' पोरगं हुशार असेल तर डॉक्टर, नाहीतर इंजिनिअर. तिसरं नाव फारसं निघत नाही. चित्र चांगलं काढणारा, गणितातही बरा असलेला मुलगा मग सगळ्यांबरोबर नीटच्या क्लासला बसतो. गणिताचं ओझं नको म्हणून अकरावीला गणित सोडून जीवशास्त्राच्या जोडीला दुसराच विषय घेतो.

बारावीला मार्क कमी पडतात. तेव्हा पुण्या-मुंबईचा एखादा पाहुणा म्हणतो, 'ह्याचा हात चांगला आहे, आर्किटेक्चरला का नाही टाकत?' मोबाईलवर पात्रता उघडून बघितली की पहिल्याच ओळीत कळतं, गणित लागतंच. दोन वर्षांपूर्वी फॉर्म भरताना घेतलेल्या निर्णयाने वाट बंद झालेली असते आणि ते घरात कुणाला माहीतही नसतं.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. फॉर्म गावातल्या नेट कॅफेवर घाईघाईत भरला जातो. त्यामुळे ही चूक आणखी सोपी झाली आहे. म्हणूनच या विषयाची चर्चा बारावीनंतर करण्यापेक्षा आठवी-नववीतच व्हायला हवी.

आर्किटेक्ट म्हणजे नेमकं कोण?

गावाकडे घर बांधायचं म्हटलं की गवंडी, ठेकेदार आणि 'नकाशा काढणारा इंजिनिअर' एवढीच माणसं समोर येतात. काहींना वास्तुशास्त्र सांगणारे म्हणजेच आर्किटेक्ट वाटतात. तसं नाही. इमारत पडू नये म्हणून सळई किती, कॉलम केवढा हे गणित सिव्हिल इंजिनिअर करतो. घरात उजेड कुठून येणार, वारा कसा खेळणार, माणसं कशी वावरणार, पाऊस-उन्हात घर कसं टिकणार, याचा आराखडा आर्किटेक्ट करतो. १९७२ च्या कायद्यानुसार काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय कुणालाही आपल्या नावापुढे 'आर्किटेक्ट' लावता येत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त कॉलेजातून पाच वर्षांची बी. आर्क. पदवी लागते.

या भागाला याची गरज काय?

याचं उत्तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेत आहे. किल्लारी-सास्तूर परिसरात अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर माणसं झोपली होती. भूकंप झाला आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती, वर मातीचे थर चढवलेली जड माळवदं अंगावर कोसळली. सुमारे आठ हजार माणसं गेली. माळवद उन्हाळ्यात गारवा देतं, हे खरं. पण भिंतींना आडवी बांधणी नव्हती आणि वरून वर्षानुवर्षं माती चढत गेली. ते वजन जीवघेणं ठरलं.

नंतर पुनर्वसनात नवी गावं उभी राहिली. घरं मजबूत झाली, पण गल्ली, ओसरी, शेजार यांची जुनी रचना अनेक ठिकाणी तुटली. सरळ रांगा, रुंद रस्ते आणि लांब-लांब घरं. गोठा कुठे, कडबा कुठे, बायकांनी दुपारी बसायचं कुठे, हे प्रश्न लोकांनी नंतर स्वतःच सोडवले. घर पडू नये आणि ते घरासारखंही वाटावं, या दोन्ही गोष्टी एकत्र सांभाळायला ती माती आणि ती माणसं ओळखणारा आर्किटेक्ट लागतो. तो या तालुक्यांतूनच तयार झाला तर अधिक चांगलं.

रस्ता कसा आहे?

बी. आर्क.ला जाण्यासाठी अकरावी-बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र असणं आवश्यक आहे. तिसऱ्या विषयाबाबतचे नियम अलीकडे बदलले आहेत, म्हणून त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिका बघावी. रसायनशास्त्र घेऊन ठेवलं तर अडचण येत नाही. जीवशास्त्रही हवं असेल तर गणितासोबत घ्यावं, म्हणजे दोन्ही वाटा खुल्या राहतात. दहावीनंतर गणित विषयासह तीन वर्षांचा डिप्लोमा करूनही बी. आर्क.ला जाता येतं. मात्र त्यांनाही प्रवेश पहिल्याच वर्षाला मिळतो.

प्रवेश परीक्षा दोन. पहिली 'नाटा', जी काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर घेते. ती २०० गुणांची. त्यातले ८० गुण कागदावर चित्र आणि रचना यांना, तर १२० गुण संगणकावरच्या प्रश्नांना. दुसरी जेईई मेनचा पेपर २-ए. त्यात गणित, अभिरुची चाचणी आणि चित्रकला असते. जेईई मेन महाराष्ट्रात मराठीतूनही देता येते, ही गोष्ट मराठी माध्यमाच्या अनेक मुलांना ठाऊकच नसते. नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या केंद्रीय संस्थांसाठी जेईई लागते. राज्यातल्या कॉलेजांचे प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या कॅप फेरीतून होतात आणि तिथे दोन्हीपैकी कोणत्याही परीक्षेचे गुण चालतात.

आठवीपासून काय करता येईल?

महागडा क्लास लावण्याआधी बरंच काही फुकट करता येतं.

पहिलं, शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा द्याव्यात. इंटरमिजिएट पास झाल्यावर श्रेणीप्रमाणे दहावीला वाढीव गुण मिळतात आणि हात तयार होतो तो वेगळाच.

दुसरं, मीटर टेप घेऊन स्वतःचं घर मोजावं. एक मीटरला दोन सेंटीमीटर धरून कागदावर नकाशा काढावा. दारं, खिडक्या, चूल, न्हाणी, सगळं दाखवावं. दुपारी ऊन कुठल्या खोलीत येतं, हे त्यात नोंदवावं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला जे शिकवतात, त्याची सुरुवात इथूनच होते.

तिसरं, रोज एक चित्र, तेही पुस्तकातलं पाहून नको. एसटी स्टँड, आठवडी बाजार, पार, जत्रा डोळ्यांत साठवून घरी येऊन काढावी. नाटाच्या चित्र विभागात एखादं दृश्य किंवा रचना मनाने उभी करायला सांगतात. गाव बघितलेल्या मुलाला तिथे काही कमी पडत नाही.

चौथं, जवळच्या जुन्या इमारती नीट बघाव्यात. नळदुर्गला किल्ल्यातल्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे. वरून पाणी वाहतं आणि आत माणसं उभी राहतात. तेरचं त्रिविक्रम मंदिर विटांचं आहे. औसा आणि उदगीरचे किल्ले, खरोशाची लेणी, हे सगळं एसटीच्या अंतरावर आहे. हे कसं बांधलं असेल, असा प्रश्न पडणं हीच तयारी.

खर्चाचं काय?

इथेच बहुतेक घरं मागे सरतात. पाच वर्षं, शहरात राहणं, शीट, मॉडेलचं सामान, चांगला लॅपटॉप. खर्च आहेच. पण फीसाठी मार्गही आहेत. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या योजना महाडीबीटीवर आहेत. अनुसूचित जाती-जमातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे.

यातली मेख अशी, की शुल्क सवलतीसाठी प्रवेश कॅप फेरीतूनच झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून 'सीट पक्की' करून देतो म्हणणाऱ्या एजंटाच्या मागे गेलं की ही सवलत हातची जाते. काही खासगी कॉलेजांत दरवर्षी जागा रिकाम्या राहतात, त्यामुळे पैसे भरून सीट अडवण्याची घाईही नको. कॉलेजला मान्यता आहे का, हे काउन्सिलच्या संकेतस्थळावर आधी तपासावं.

दुसरी अडचण कागदपत्रांची. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमीलेअर आणि विशेषतः जात वैधता प्रमाणपत्र. वैधतेचा अर्ज अकरावीतच टाकावा. ऐन प्रवेशात तहसील आणि समितीच्या चकरा मारताना फेरी निघून जाते.

हेही माहीत असू द्या

पदवी हातात पडली की लगेच मोठा पगार, असं या क्षेत्रात होत नाही. सुरुवातीची काही वर्षं दुसऱ्याच्या ऑफिसात कमी पैशांत काम शिकावं लागतं. ज्याला झटपट कमाई हवी, त्याने विचार करूनच यावं. पण हे काम फक्त मोठ्या शहरांचं आणि श्रीमंतांच्या बंगल्यांचं, हा समजही खरा नाही. पुण्यात फर्निचर बनवणाऱ्यांच्या घरात जन्मलेले बाळकृष्ण दोशी मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकले. त्यांनी इंदूरला अल्प उत्पन्न गटासाठी अरण्य ही वसाहत आखली. २०१८ मध्ये त्यांना प्रित्झकर पुरस्कार मिळाला. आर्किटेक्चरमधला हा सर्वोच्च मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

तालुक्यात आज घरकुलं, शाळा, ग्रामपंचायत इमारती, गोदामं सतत बांधली जात आहेत. त्यांचे आराखडे बहुतेक वेळा बाहेरून येतात. ते इथल्याच कुणी काढावेत असं वाटत असेल, तर सुरुवात अकरावीच्या फॉर्मपासून करावी लागेल. विषय निवडताना 'गणित' या खाण्यावर बोट ठेवण्याआधी पोराची चित्रवही एकदा उघडून बघायला हरकत नाही.