मंडईची कबड्डी आणि मांडीची शीर
भाऊबीज सरली की गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते, आणि तिच्या जोडीला कबड्डी. दिवसभर वाकून धान कापलेली पोरं रात्रीच्या थंडीत अंग गरम न करताच चढाईला उतरतात. सडक अर्जुनीकडच्या एका सामन्यात आमच्या पोराने बोनससाठी पाय लांबवला आणि मांडीची मागची बाजू धरून तो तिथेच बसला. दुसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत जांभळं उतरलं होतं. आजीने गरम तेलाने रगडून दिलं. मायेनेच, पण ताज्या दुखापतीवर जोराचं मालिश नको, आतला रक्तस्राव वाढतो. पहिले दोन-तीन दिवस बर्फ, आवळून पट्टी आणि सोसेल तेवढं चालणं, इतकं पुरे. खरा घात दहाव्या दिवशी होतो. चालताना दुखत नाही म्हणून पोरगं पुन्हा मैदानात, आणि तीच शीर पुन्हा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनच्या अभ्यासात, याच दुखापतीनंतर स्नायू लांबवत ताकद वाढवणारे व्यायाम केलेले अव्वल फुटबॉलपटू सरासरी २८ दिवसांनी परतले, नेहमीच्या व्यायामाचे ५१ दिवसांनी. दिमतीला तज्ज्ञ असूनही इतके दिवस! आमच्याकडे मळणी थांबत नाही, कर्णधारही नाही. आता दुखणं पूर्ण गेल्यावर, तीच शीर पुन्हा धरू नये म्हणून, आमचं पोरगं खळ्यावर गोणपाट टाकून गुडघ्यांवर उभं राहतं, धाकटा भाऊ घोटे दाबून धरतो, आणि ते सावकाश, अगदी सावकाश पुढे झुकतं.